पहूरच्या शेतात साखरेचं भरीत

खानदेशात आमच्याकडची माणसं सहसा जात नाहीत, खानदेशातून जातात. जळगावच्या स्टेशनवर उतरायचं, गाडी ठरवायची, लेणी पाहायची, परतायचं आणि घरी येऊन सांगायचं की तिकडे ऊन फार. ऊन आहेच. पण मी गेलो तो मार्गशीर्षात, ऊन हवंसं वाटतं अशा दिवसांत, आणि लेणी पाहायला नव्हे तर जेवायला. एका जेवणासाठी पुण्याहून इतक्या लांब जाणारा माणूस एक तर खवय्या असावा नाही तर रिकामटेकडा. मी खवय्या नाही.

माझी बायको शैला मूळची धुळ्याची. कॉलेजातल्या तीन मैत्रिणी आणि ती अशा चौघी दर हिवाळ्यात अंगतपंगत करायच्या. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा, पहूरजवळच्या एका शेतात जमायचं, वांग्याचं भरीत तिथेच भाजून-ठेचून करायचं, आणि मग दिवसभर एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. बाकीचा सगळा खटाटोप या शेवटच्या भागासाठी असतो, असं शैला म्हणायची. लग्नानंतर मी एकदाच तिच्याबरोबर गेलो होतो. पुढे ती एकटीच जायची. नवरे असले की बायका मोकळं बोलत नाहीत, असा तिचा दावा होता. विमलचे यजमान बापू आणि सुनंदाचे यजमान नाना दरवर्षी तिथे हजर असत, पण त्यांना ती नवऱ्यांत धरत नसे. एकाची गाडी होती, दुसऱ्याचं शेत.

शैला या पावसाळ्यात गेली.

ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटवत नाहीत आणि शेजारपाजारचे लोक डबे आणून देतात, ही आपली पद्धत चांगलीच आहे. फक्त ते डबे थांबायचे कधी, हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही. माझ्याकडे ते दसऱ्याला येत होते, दिवाळीला येत होते, दिवाळीनंतरही येत होते. दुखवटा म्हणून त्यांत गोड नसे आणि माझ्या तब्येतीची काळजी म्हणून तिखट नसे. दुःखी माणसाला मिरची सोसत नाही हा शोध कोणी लावला, मला माहीत नाही. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, पण याला आधार कुठल्या पुस्तकात सापडला नाही. आमच्या सोसायटीत मी एक छोटंसं देवस्थान झालो होतो. लोक यायचे, नैवेद्य ठेवायचे, आवाज बारीक करून दोन शब्द बोलायचे आणि मागच्या पावली जायचे. शैलाचं नाव कोणी घेत नसे. ‘वहिनी’सुद्धा म्हणत नसत, ‘हे सगळं झाल्यापासून’ असं म्हणत.

म्हणून विमलचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला कोणाचा तरी डबा खायचा नव्हता, कोणाला तरी माझा डबा द्यायचा होता. आणि निदान या तिघींनी तरी शैलाचं नाव साध्या आवाजात घ्यावं, एवढी एक आशा होती.

त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शैलाच्या जागी मला घेण्यात आलं. कोणी काय आणायचं ते विमलने जाहीर केलं. विमल मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण ते तिला कोणी कळवलेलं दिसत नाही. विमलचे मांडे, सुनंदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कुसुमचा ठेचा, शिवाय भरताची सगळी जबाबदारी कुसुमची. बापूंनाही शेवभाजी लावून दिली होती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘सर, तुम्ही फक्त या.’

अंगतपंगतीत याहून मोठा अपमान नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला बर्फ सांगतात, पत्रावळी सांगतात, निदान मीठ तरी सांगतात. ‘फक्त या’ हे फोटोतल्या माणसाला सांगतात. मी उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि मंडईतून जांभळी, चकचकीत वांगी आणली. मला एकच पदार्थ करता येतो: दह्यातलं भरीत. शैला माझ्यासाठी करायची ते पाहून पाहून शिकलेलं. दही, हिंग-मोहरीची फोडणी, चिमूटभर साखर. आमच्याकडची चिमूट चमच्याएवढी असते.

धुळे

बापू स्टँडवर घ्यायला आले होते. गाडीत बसेपर्यंत त्यांनी माझी बॅग घेतली, छत्री घेतली आणि माझा दंडही धरला. धुळ्यातले जुने रस्ते पट आखावा तसे सरळ आहेत. वाट चुकणं अवघड, तरी बापू दोनदा चुकले, कारण त्यांचं सगळं लक्ष मला धक्के बसू नयेत याकडे होतं. पांझरा ओलांडून देवपुरात त्यांचं घर. नदीत पाणी कमी आणि बगळे जास्त होते.

विमलच्या अंगणात मांड्यांचा कारखाना चालू होता. ज्यांनी मांडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: पुरणपोळीच, पण लाटायची नाही, हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढी करायची आणि चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. पाहताना आपण श्वास धरतो. विमलकडे हे एक बाई येऊन करत होत्या. विमल कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती. रात्री जेवताना ती म्हणाली, “यंदा पुरण मी जरा मऊ ठेवलं.” ती उभी होती हे मी स्वतः पाहिलं आहे, त्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

बापूंची शेवभाजीही अशीच घरची होती. ती संध्याकाळी एका हॉटेलातून पिशव्यांत आली आणि विमलच्या स्टीलच्या डब्यात शिरल्याबरोबर घरची झाली. थोडी आधीच चाखायला काढली होती. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात जाड तिखट शेव. वासानेच नाक मोकळं झालं. मी ताट पुढे केलं. विमलने माझ्या ताटात मुगाची खिचडी वाढली आणि शेजारी कोमट दुधाची वाटी ठेवली. “तुमच्यासाठी वेगळं केलंय, सर.”

सर. शैला असताना हे लोक मला दाजी म्हणायचे. फोन मी उचलला तरी, “दाजी, पुस्तक खाली ठेवा आणि शैलाला द्या,” असं म्हणायचे. मी खिचडी खाल्ली. बापू माझ्यासमोर शेवभाजी भुरकत होते आणि दर घोटाला माझ्याकडे अपराधी नजरेने पाहत होते. तेवढाच त्या जेवणातला मसाला.

सकाळी घर उठायच्या आत मी स्वयंपाकघरात शिरलो आणि गॅसवर वांगी भाजायला ठेवली. वांग्याला आधी टोचे मारायचे असतात. शैला मारायची, मी त्या वेळी बहुधा वर्तमानपत्र वाचत असायचो. पहिलं वांगं निमूटपणे भाजलं. दुसरं फटाक्यासारखं फुटलं आणि त्याचा बराचसा भाग छताला जाऊन चिकटला. विमल धावत आली. तिने छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. या बाईने वर्गात खडू पडला तरी तासभर भाषण दिलेलं आहे, असं शैला सांगायची. मी भाषणाची वाट पाहत उभा राहिलो. विमलने झाडूला फडकं बांधलं, छत पुसलं आणि म्हणाली, “असू द्या, सर. होतं असं.”

मला इतकं एकटं दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

मेहरूण

धुळे ते जळगाव रस्ता आता रुंद झाला आहे. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, मधूनच केळीचे हिरवेगार चौकोन. वर्णनासारखं एवढंच, कारण गाडीत मी मांडीवर डबा धरून बसलो होतो आणि दह्याला पाणी सुटतंय का याची चिंता करत होतो.

सुनंदाचं घर मेहरूण तलावाच्या बाजूला आहे. तलावाभोवती सकाळी अख्खं जळगाव फिरायला येतं आणि फिरून जे गमावलं ते गाड्यावर खाऊन परत मिळवतं. मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत. सुनंदाने ओंजळभर माझ्यापुढे ठेवली आणि लगेच त्यातली आंबट वेचून बाजूला केली.

कुसुम मुक्ताईनगरहून बसने तिथे आली. किरकोळ अंगाची, गणित शिकवलेली बाई. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, केळी-कापूस पिकवणाऱ्या घरातली. भरीत त्यांच्याच भागात जन्मलं आणि इतर ठिकाणी ते चोरून नेलेलं आहे असं तिचं ठाम मत. तिच्या जिभेबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. एकदा सुनंदाची आमटी पाहून तिने विचारलं होतं म्हणे, की यात आंघोळ करायची आहे का. त्यावरून सुनंदा महिनाभर बोलली नव्हती, आणि हा प्रसंग शैला मला दर हिवाळ्यात सांगायची. आता खरी माणसं भेटणार असं वाटून मी उठून उभा राहिलो. कुसुमने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच विचारलं, “सर, जेवण वेळेवर करता ना?”

पहूरकडे निघालो. मी पुढे बापूंशेजारी, मागे तिघी. पूर्वी मागे चौघी कोंबून बसायच्या. आता ऐसपैस बसता आलं असतं, आणि त्याचंच त्यांना इतकं अवघड झालं होतं की त्या तिघी चौघींसारख्याच दाटून बसल्या. गुडघ्यांबद्दल बोलल्या, थंडीबद्दल बोलल्या, कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलल्या. शैलाच्या नावाला गाडी प्रत्येक वळणावर वळसा घालत होती.

शेत

भरताबद्दल आधी जे खरं आहे ते लिहितो, कारण पुढे मला त्याबद्दल खोटं बोलावं लागलं. वांगी हिरवी-पांढरी, हातभर लांब वाटावीत अशी, बिया जवळजवळ नाहीतच. नाना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात ती टाकतात. जाळ भडकतो, वांगी काळी पडतात, आतला रस चरचरतो. साल काढून गर लाकडी भांड्यात घालायचा, बरोबर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, आणि लाकडी मुसळीने ठेचायचं. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि भरपूर तेल. धुराचा वास शेवटच्या घासापर्यंत टिकतो. ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची, तळलेली पुरी त्याच्याबरोबर खायची. पहिल्या घासाला कान गरम होतात, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला आपण कोण आणि कुठले याचा विसर पडतो.

नाना हाका मारू लागले, “बठ्ठा बसा आते, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं.” केळीच्या पानांवर आम्ही सगळे बसलो आणि यंदाची पंगत सुरू झाली.

सगळं छान होतं. म्हणजे, प्रत्येक जण प्रत्येक पदार्थाला छान म्हणत होता. विमलचे मांडे छान. बापूंची शेवभाजी छान, अगदी घरची चव. सुनंदाच्या पुऱ्या थंड होऊन पापडासारख्या कडक झाल्या होत्या. कुसुमने एक मोडली तर तिचा असा आवाज आला की झाडावरचं पाखरू उडालं. कुसुमने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, “खुसखुशीत झाल्यात.” सुनंदाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी आपण तापात बरळणाऱ्या माणसाकडे पाहतो.

तेव्हा मला कळलं की हे माझ्यामुळे चाललं आहे. दुखवट्याच्या माणसासमोर थट्टा नको, असं त्यांनी आपसात ठरवलं असणार. ज्या गोष्टीसाठी या बायका जन्मभर जमत आल्या ती मी फक्त येऊन बंद पाडली होती.

मी माझा डबा उघडला. दह्याला पाणी सुटलं होतं. जांभळ्या सालीचे काही तुकडे त्यात पोहत होते. प्रत्येकाने पानाच्या कोपऱ्यात तीर्थाएवढं घेतलं. “वेगळं आहे,” सुनंदा म्हणाली आणि ते पुरीखाली झाकलं. “पचायला हलकं,” विमल म्हणाली. नानांनी एक बोट चाटलं आणि बराच वेळ लांबच्या डोंगराकडे पाहत राहिले. बापू हात धुवायला म्हणून उठले आणि आपला वाटा त्यांनी शेतातल्या कुत्र्यापुढे ठेवला. कुत्र्याने वास घेतला आणि तो जाऊन नानांच्या पाठीशी बसला. त्या सबंध शेतात प्रामाणिक असा तो एकटाच.

माझं भरीत ही माणसं खात नव्हती ती दुःखाच्या घरचं म्हणून की साखरेमुळे, हे मला ठरवता येईना. साखरेमुळे असेल तर त्यांनी तोंडावर सांगायला हवं होतं. सांगत नव्हती, म्हणजे मी अजून देवस्थानच होतो. जेवण संपलं असतं, मला हात धरून गाडीत बसवलं असतं, आणि पुढच्या हिवाळ्यात बहुधा निरोपही आला नसता. देवाला कोणी दरवर्षी सहलीला नेत नाही.

मी स्वभावाने गप्प माणूस. पण मी कुसुमच्या भरताचा एक मोठा घास घेतला, सावकाश चावला आणि म्हटलं, “कुसुमताई, वांगं जरा कच्चं राहिलंय.”

नानांचा हात पानाच्या वर थांबला. कुसुम माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या गालाचा स्नायू हलला. “असेल हो, सर,” ती म्हणाली. फार जड गेलं तिला ते.

“आणि तेलही जास्त झालंय,” मी म्हटलं. “तुमच्याकडे चवीचं काम तेलावर भागवतात वाटतं.”

कुसुमने हातातला घास खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. “दाजी,” ती म्हणाली, “भरतात साखर कायले टाकता?”

कुसुमने माझा डबा पुढे ओढला आणि त्यात बोट बुडवलं. “हे भरीत नाही. हे नासलेलं श्रीखंड आहे, अन् त्यात वांगं पडून मेलंय.”

मेलंय हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हसत होतो. मला वाटतं, मी बराच वेळ हसत होतो, कारण नाना धीर करून म्हणाले, “हाई भरीत शे? माले वाटनं रायतं शे.”

मग बांध फुटला. विमलने छतावरच्या वांग्याचा विषय काढला. छतावर, ती म्हणाली, आणि आपण मुकाट्याने पुसलं, या वयात हात वर करून, आणि सकाळपासून गप्प राहिल्याने आपल्याला आम्लपित्त झालं आहे. सुनंदाने तिला विचारलं की मांडे केलेस का नुसती उभी होतीस. विमलने तिच्या पुरीवर दुसरी पुरी आपटून दाखवली. कुसुमने शेवभाजीच्या हॉटेलचा पत्ता विचारला आणि बापूंनी तो भाबडेपणाने सांगून टाकला. मी सगळ्यांचं खाल्लं, सगळ्यांना नावं ठेवली, ठेच्याने घाम फुटला, आणि अन्नाला पहिल्यासारखी चव आली. या पंगतीचं सुख काय ते मला तिथे कळलं. आपण केलेलं लोकांनी गोड मानून घ्यावं यासाठी डबा न्यायचा नसतो. आपल्याला टाकून बोलणारी माणसं अजून आहेत, एवढं पाहायला न्यायचा असतो.

“शैला सांगायचीच ना,” कुसुम म्हणाली आणि थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे बोलली. “सांगायचीच, की माझ्या घरी दोन भरीतं होतात. एक माणसांसाठी अन् एक ह्यांच्यासाठी.”

इतक्या दिवसांनी ते नाव कोणाच्या तरी तोंडी आलं, आणि तेही माझी थट्टा करताना. मग ते थांबेना. शैला दर हिवाळ्यात या शेतात बसून माझी नक्कल करायची, हे मला तिथे कळलं. मी तिखट भरीत कसं खातो याची नक्कल. त्या नकलेसाठी नाना म्हणे कांदे काढायचं काम टाकून यायचे. माझ्यापासून ही गोष्ट तिने संसारभर लपवली होती.

कुसुमने ती करून दाखवली: घास घ्यायचा, चष्मा काढायचा, डोळे पुसायचे आणि म्हणायचं, ‘छान आहे, पण.’ सुनंदा म्हणाली, असं नाही. शैला आधी चष्मा काढायची, पुसून बाजूला ठेवायची आणि मग घास घ्यायची, पोहायला उतरल्यासारखी. विमल म्हणाली की दोघीही चूक. ‘छान आहे’ आणि ‘पण’ यांच्यात शैला पाणी प्यायची आणि त्यातच खरी गंमत होती. तिघी भांडू लागल्या. प्रत्येकीची शैला वेगळी होती आणि प्रत्येकीच्या शैलातला मीही वेगळा.

शेवटी विमलने मुख्याध्यापिकेचा आवाज काढला. “भांडता कशाला? दाजी बसलेत ना इथे. दाजी, तुम्हीच करा.”

कुसुमने माझ्या पानावर भरीत वाढलं. मी मोठा घास घेतला, चष्मा काढला, डोळे पुसले. पुसायला थोडा वेळ लागला. पाणी प्यायलो. म्हटलं, “छान आहे, पण.”

कुसुमने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तसं.

“नाही जमलं,” ती म्हणाली. “शैला तुमच्यापेक्षा चांगली करायची.”